चुन्याचं पिवळं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच पोपटराव, व्यासपीठावरचे समदे मानकरी, दौंडला बदली होऊन निघालेल्या आपल्या डॉक्टर भाग्यश्रीताई, आन् समोर बसलेल्या माझ्या लेकी, सुना, नातवंडांनो, समद्यांना सप्रेम जय भीम.

एवढं दीक्षानं, माझ्या नातीनं, पाठ करून घेतलं. पुढचं माझं. माझी शाळा दुसरीतच सुटली, तवा भाषा हाय तशी घ्या. आज मला लई आनंद हाय. परवा पणतीचं बारसं झालं, पाळण्याची दोरी मी ओढली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. सून ऐंशीच्या पुढं सांगते, तिला कसली घाई हाय कुणाला ठावं.

पण ताईंचा निरोप म्हटला की मालनबाईचं बोलावं लागतंय. मालन माझी धाकटी जाऊ. तीन वर्षांमागं तिचे डोळे पिवळे झाले, पोटात कळा, अंगात हुडहुडी. ताईंनी तपासलं. म्हणाल्या, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, पुण्याला न्या, दुर्बिणीनं काढतात, सगळं पोट फाडत नाहीत. तिचा पोरगा जालिंदर माझ्याकडं बघाय लागला. घरात मोठी मीच. मी म्हणाले, "या वयात कशाला चिरफाड? सुखानं जाऊ द्या तिला."

सुखानं कुठली जाती? कावीळ उतरवणारा आणला. त्यानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात चोळले, पाणी पिवळं झालं. समदे म्हणाले, उतरली. पाणी मीच ओतत होते. नवव्या दिवशी मालन गेली. शेवटी तिला माझी वळखबी राहिली न्हवती. पुढं ताईंनी, तो कावीळवाला गुपचूप लावतो तसा, आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस दीक्षाच्या हाताला लावून चुन्याच्या पाण्यात धुतला. धडधाकट पोरीचंबी पाणी पिवळंच झालं.

दोन वर्षांनी माझेच डोळे पिवळे. मीबी नकोच म्हणाले. ताई खाटेवर टेकल्या. "आजी, धोका नाही असं मी म्हणणार नाही. छाती, साखर, सगळं आधी बघतील. पण खडा आत ठेवला की काय होतं, ते तुम्ही बघितलंय."

पिशवी भरली, पुण्याला गेले. पोटाला चार भोकं पाडली, सहाव्या दिवशी घरी आले. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ती वाचली न्हाई. महिनाभर घरीच ठिवली होती, नळीत पू झालेला.

शाल-नारळ अध्यक्षांनी दिलाच हाय. माझ्याकडनं ही बाटली. माझे खडे हायेत, तीन. ताई, दौंडला कुणी म्हातारी या वयात कशाला म्हणाली, तर हे दाखवा. पर नुसतं माझं सांगू नका, मालनचंबी सांगा. आन् नको कोण म्हणालं होतं, तेबी सांगा.

तुम्ही समद्यांनी ऐकून घेतलं, उपकार झाले. चुकलंमाकलं पोटात घ्या. माझ्या पोटातलं ताईंनी काढाय लावलं. मालनचं तेवढं आत ऱ्हायलंय.