वर गेलेला दुसरा हात

...नाही नाही, टोपलीकडे बघायचंच नाही. सगळ्या टोपलीकडे बघितलं की टोपली चुकते. टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांतली एकच कडी धरायची डोळ्यानं — ती बघा, लाल लोकर बांधलेली, मीच बांधलीय — आणि डिस्क हातातून सुटली तरी नजर तिथंच. फेका. गेली डावीकडे. हात भलतीकडेच वळला तुमचा. सुटल्यावरसुद्धा हात कडीकडेच ताणलेला हवा, कुणाला हात मिळवायला पुढे करतो तसा. हे सगळं मला एन्सिओनं शिकवलं. एन्सिओ म्हणजे माझा नवरा. ते काय, तळ्याकाठचं पिवळं घर — धूर दिसतोय ना? आज शनिवार, वाफेच्या अंघोळीचा सौना तापवलाय त्यानं. मी? मी सध्या बहिणीकडे झोपते, इर्याकडे. तुम्ही गावात नवीन, कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आमच्या डिस्क गोल्फ क्लबची स्पर्धा, शेवटची टोपली; कमीत कमी फेकींत डिस्क टोपल्यांत टाकेल तो जिंकला. मी आणि औषधांच्या दुकानातली मार्केत्ता बरोबरीत. आधीची डिस्क पडली तिथं खुणेची चकती, पाय तिच्या मागे, नजर कडीवर — टाकली, आणि साखळ्या अशा खणखणल्या म्हणून सांगू. जिंकले. तेवढ्यात मार्केत्ता हात वर करून म्हणते, पाय पुढे पडला. आमच्यात नियम कसा, टोपलीजवळून फेकलं की मागेच तोल सावरून उभं राहून दाखवायचं, मगच खुणेपुढे पाऊल. पण एकट्या मार्केत्ताच्या म्हणण्यानं काही होत नाही. सोबतच्या दुसऱ्या कुणीतरी हो म्हणावं लागतं. आणि सोबत तिसरं कोण? एन्सिओ. मी तर वळून हसलेसुद्धा — म्हटलं, आता बाई तोंडावर पडणार. आणि त्यानं हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. ‘गेला पाय,’ म्हणाला. एका फेकीचा दंड, पुन्हा बरोबरी, जादाच्या टोपलीला मी हरले, आणि चषक मार्केत्ताच्या कपाटात.

खोटं बोलला का? नाही ना — तीच तर पंचाईत. खोटं बोलला असता तर भांडून मोकळी झाले असते. घरी कॉफी ओतताना विचारलं, खरंच गेला होता? तर म्हणतो, ‘हिल्का, तुझा पाय नेहमीच जातो.’ नेहमीच. म्हणजे अगदी पहिल्या उन्हाळ्यापासून. इथंच, याच टोपलीसमोर, दर संध्याकाळी हा माणूस शेजारी उभा राहून बघतोय, आणि तोंडानं काय — छान, छान. ‘तू इतकी खुशीत असायचीस,’ म्हणतो. उपकारच की. अरे, मग इतकी वर्षं गिळलंस तर तेवढं एक गिळायचं होतंस. नाहीतर आधी बोलायचं, मी पाय बांधून शिकले असते. चार लोकांतच बरा हरिश्चंद्र झाला. आता सगळ्याचाच संशय येतो हो. माझी माशाची भाकरी दोनदा मागून घ्यायचा — आवडायची, की तीही माझ्या खुशीसाठी? सौनात मी गाते, तो डोळे मिटून बसतो. मी समजायचे, ऐकतोय. इर्या म्हणते, एवढ्याशा पावलावरून कुणी घर सोडतं का. पावलावरून नाही सोडलं. फसवलं त्यानं मला, आणि तेही गोड बोलून. जाऊ दे. फेका तुम्ही.

वा. लाल कडीलाच. थांबा, डिस्क काढायला धावू नका. तुमचा पाय गेला खुणेपुढे. हो, गेला, मी बघितला. वाईट वाटलं? वाटू दे. उद्या नाही जाणार. झालं, एवढंच सांगायचं असतं माणसानं, घोटभर कॉफीइतकाही वेळ लागत नाही.

असू दे, ती डिस्क ठेवा तुमच्याकडे. आणि निघा आता. नको, मला गाडीतून सोडायला नको. तो येतोय, बघा, वाटेनं — खांद्यावर टॉवेल दोन आहेत. वळू नका, बघू नका तिकडे. मी जाणार का? मला काय विचारता? मला जरा तोल सावरून उभं राहू द्या. जा तुम्ही.