बापाच्या डाव्या अंगाची जागा

...आन् म्हणं, रयत व्हा! मी काय बैल हाय व्हय, ह्या खुट्याचं दावं सोडून त्या खुट्याला बांधाय? बावीस वर्सं झाली, तुमास्नी सांगतो, बावीस वर्सं ह्या मंगळवार पेठेत चिंचंखाली बसून तुमच्या बैलास्नी पत्र्या मारतोय, घोड्यास्नी नाल ठोकतोय, ही बरगडी दोनदा मोडलीया, आन् दोन्ही लाथा अस्सल कोल्हापुरी घोड्यांच्या हायत, बाहेरच्या घोड्यानं मला कधी खूर लावला न्हाय... तरी परवा कचेरीतला कारकून चष्म्यावरनं बगत काय म्हणतोय? "बाबालाल, तुम्ही मूळचे खालसातले, नाही का?" खालसातले, मंजे इंग्रजाच्या मुलखातले. व्हय, हाय. मग? चोरी केली का काय?

झालं काय, दरबारच्या पागेत मी अकरा वर्सं नाल ठोकतोय. हंगामी. घोडं लंगडलं की "बोलवा बाबालालला", घोडं चालाय लागलं की "कोण बाबालाल?" आता ती जागा कायम हुणार म्हणून कळलं. बरं वाटलं. सुगराला, मंजे आमच्या घरच्यास्नी, सांगितलं, तिनं शिरखुर्मा केला. आन् दुसऱ्या दिशी ह्यो कारकून म्हणतोय, "असं पाहा, कायम जागेवरचा माणूस संस्थानची रयत असला पाहिजे. महिनाअखेर अर्ज द्या. इंग्रज सरकारची रयत आजपासून राहिलो नाही, असं लिहून अंगठा करा. नाहीतर ती जागा कोडोलीच्या पिराजीला जाईल."

पिराजीला. अवो, त्यो खिळा ठोकतो त्यो खुरात जात न्हाय, मांसात जातोय. त्यानं नाल मारलेली घोडी तीन पायावर घरला येती. पागेत एक करडी घोडी हाय, ती कुणाला पाय देत न्हाय. मला देती. मी नुसतं "चल गं" म्हणलं की आपल्या आपण पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवती. तिचा पाय मी त्या पिराजीच्या हातात द्यायचा? जीव तुटतोय माझा, तुमास्नी सांगतो, नुसतं मनात आलं तरी तुटतोय.

मग मार की अंगठा, असं तुम्ही म्हणणार. सगळंच म्हणत्यात. आमच्या शेजारच्या तालमीचा वस्ताद हाय, जोतीराम, हितं बोलला की रंकाळ्यावरची बगळी उडत्यात. त्यो म्हणतोय, "मारा की अंगठा, पावणं, त्यात काय पोरगी द्यायचीया?" पावणं! ऐकलंत न्हवं? बावीस वर्सं मोहरमात ह्यांच्या तालमीत पंजा बसतोय, पयली फातिहा मी म्हणतोय, ह्यास्नी येत न्हाय म्हणून, आन् जेवाय बसल्यावर हेच मला म्हणत्यात, "लाजू नका पावणं, पोटभर खावा." बावीस वर्सं लाजतोय व्हय मी? कोल्हापुरात माणूस जलमालाच यावा लागतोय, मागनं आलेला त्यो कायम ओसरीवरच. रस्सा एवढा तिकट करणार की डोळ्यातनं पाण्याच्या धारा, आन् वर इचारणार, "काय पावणं, गावाची आठवण आली का?" रस्त्यात दोघं बोलत हुभं असलं तर वाटतंय आता मारामारी हुणार, जवळ जाऊन बगावं तर एकामेकाच्या म्हशीची खुशाली इचारत्यात. ह्यांच्यातला एक व्हायचं मी? आन् म्हणं, रयत व्हा!

तरीबी मी अंगठा केला आसता. करड्या घोडीसाठी केला आसता. पर एक गोष्ट आडवी येत हुती, ती म्या बावीस वर्सांत कुणालाच सांगितली नव्हती, सुगराला सोडून.

माझा बाप पलेगात गेला. त्योबी नालबंदच. गाव उठून माळावर झोपड्यात आलेलं, दिसाला चार मय्यती, रडाय माणूस शिल्लक न्हाय. जाताना त्यानं माझा हात धरला आन् म्हणला, "बाबालाल, माझ्या डाव्या अंगाला जागा ठिवाय सांगितलीया. तू तिथं ये." डाव्याच अंगाला का? तर आम्ही दोघं नाल ठोकाय बसायचो तवा मी कायम त्याच्या डाव्या हाताला, खिळं द्यायला. बस्स. मला दुसरं काय नको हुतं. जगायला कोल्हापूर काय आन् कलकत्ता काय, मरायला तेवढं बापाच्या डाव्या अंगाला.

म्हणून मी कारकुनाला इचारलं, "सायेब, हितली रयत झाल्यावर मी मेलो, आन् मय्यत तिकडं गावाकडं न्ह्यायची झाली, तर?" त्यानं कान कोरत इचार केला. "असं पाहा, त्या वेळी तुम्ही परक्या मुलखातलं प्रेत. हद्दीवर अडवतील. तुम्हांला दाखला विचारतील." मेल्यावर मी दाखला कुठनं काढून देणार, सांगा. कफनाला खिसा असतोय व्हय? घरी आलो तर सुगरा डोक्याला हात लावून, "क्या जी, मरने की जगा धुंडते फिरते, पैले जीने का देखो की." चार दीस भाकरी गोड लागली न्हाय. एका मांडीवर घोडीचा पाय, एका बाजूला बाप, आन् मधी मी.

त्यात कारकुनानं आणि एक काढलं. खालसाची रयत सोडायची तर मी खालसाची रयत हाय ह्याचा गावचा दाखला आधी पायजे. मंजे टाकून द्यायचं हाय ते आधी हातात धरून दाखवा. काय ह्यांचं डोकं! मग गेलो. बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत, हुक्केरीच्या पल्याड, आमच्या गावाला. गावाचं नाव सांगत न्हाय, घेतलं की माझं टाळकं फिरतंय.

इतकी वर्सं का गेलो नव्हतो? तर आमचा चुलत भाऊ, कुतुबुद्दीन. बापाला मातीत ठेवून तिसरा दीस हुता, आन् ह्यो झोपडीच्या दारात येऊन, "बाबालाल, गावातल्या घराचं काय करायचं?" माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. आम्ही नालबंद अंगाला पुढनं कातडं बांधतो बगा, ते सोडलं, दिलं त्याच्या तोंडावर फेकून, "घर घे, हेबी घे," आन् जो चालत सुटलो त्यो थेट कोल्हापूर. त्या दिसापासनं त्या गावची वाट बंद.

तर गावात शिरलो, आन् आडावर दानम्मा. आमच्या शेजारची लिंगायताची म्हातारी, ल्हानपणी हिच्या परड्यातलं पेरू चोरलं म्या. म्हणलं, "अक्का, वळखलंस का?" तिनं बगितलं, घागर सोडून दिली, आन् शांतपणी म्हणली, "तम्मा, तू मेलतास की." मी म्हणलं, "कवा?" "पलेगात. तुझ्या चाळिसाव्याला आमच्या घरनं तांदूळ दिलेला." मला वाटलं आता तांदूळ मागं मागती का काय.

पळत कुळकर्ण्याकडं. त्यानं जुनी वही काढली, बोट फिरवलं. "बाबालाल नालबंद. मयत. पलेग. लिवलंय की हो." मी म्हणलं, "म्या तुमच्या म्होरं हुभा हाय." "असाल हो, न्हाय कोण म्हणतंय? पर वहीत मयत हाय." "मग खोडा." "खोडायचं तर मयताच्या जवळच्या माणसानं अर्ज द्याय पायजे." आन् माझा जवळचा माणूस कोण? कुतुबुद्दीन. माझ्याच घरात चार खोल्या वाढवून बसलेला.

त्यो मला बगून रडला. भ्यानं. मग हळूहळू सांगाय लागला. मी गेल्यावर कोण एक वाटसरू, कुठला कुणास ठाऊक, थंडीचा रिकाम्या झोपडीत शिरला आसंल. दारात पडलेलं माझं कातडं पाठीवर पांघरलं आन् पालथा पडला त्यो उठलाच न्हाय. पलेगाचं मढं उलथं करून कोण बगणार? कातडं बगितलं आन् गाव म्हणलं, बाबालाल गेला. मी म्हणलं, "आरं पर तोंड?" तर म्हणतोय, "तुझं तोंड कुणी बगितलतं रं?"

 आन् ते खरं हाय. नालबंदाचं तोंड कुणाला ठावं असतंय? आम्ही कायम खाली, डोकं खुरात. गिऱ्हाईक वरनं बगतंय, त्याला दिसती पाठ. तीच वळख.

पर तू? तू तर मला जाताना डोळ्यानं बगितलंस, कुत्र्या! तर म्हणतोय, "म्हणलं, परत आला आसशील." घर फुकट गावलं की माणसाला असं लई काय काय वाटतंय.

घर गेलं खड्ड्यात. मी कबरस्तानात गेलो. बापाची कबर हुती. डाव्या अंगाला दुसरी. बापाचं बोलणं सगळ्या गावाला ठावं हुतं, म्हणून मानानं तिथंच पुरलेला, वर चुना काढलेला. कोण, कुठला, कुणाच्या देवाचा, काय ठावं न्हाय, आन् बावीस वर्सं माझ्या बापाच्या शेजारी पसरलाय, दर शब्बेबराताला माझ्या नावाच्या फातिहा घेतोय. त्याला कुणी दाखला इचारला न्हाय, अर्ज न्हाय, अंगठा न्हाय, आन् झाला माझ्या गावचा कायमचा! शिव्या द्यायच्या म्हणूनच मी खाली बसलो. दिल्याबी, चार सणसणीत. मग मनात आलं, थंडीनं काकडून गेला बिचारा, आन् मरताना अंगावर हुतं ते माझंच कातडं. मग शिव्या फुटंनात. दोघांची फातिहा म्हणली आन् लई रडलो. उठताना बापाचं उजवं अंग बगितलं, रिकामं हाय का म्हणून. न्हाय. तिकडं कुणाचा तरी बांध हाय.

घर जाईल म्हणून कुतुबुद्दीनानं अर्ज दिला न्हाय, मग कुळकर्ण्यानं दाखला दिला त्यो मयताचा. त्योच आणून हितं कारकुनाच्या म्होरं टाकला. त्यानं वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "असं पाहा बाबालाल, यात तुम्ही मयत आहात." म्हणलं, "व्हय." आन् एकाएकी असा खुलला, असा खुलला, जनू त्यालाच पोरगा झाला. "मग प्रश्नच मिटला! मेलेला माणूस कुणाचीच रयत नसतो. तुमची अट आपोआप पुरी झाली."

आता म्हणला, हितली रयत व्हायचा अर्ज तेवढा ऱ्हायला, वळखीला पेठेतला पंच आणा. आणला जोतीरामाला. कारकून इचारतोय, "यांना किती वर्षं ओळखता?" "बावीस," जोतीराम गरजला. "चेहऱ्यावरची खूण सांगा, लिहायची आहे." जोतीरामानं माझ्याकडं बगितलं. मन लावून बगितलं, मला वाटतंय पयल्यांदाच. मग म्हणतोय, "पावणं, जरा पाठ करा बगू." केली. "व्हय सायेब, ह्योच त्यो."

मंजे हितंबी माझी वळख पाठच! म्हणलं, "सायेब, अंगठा करतो. हितंच मरतो. पर त्या अर्जाखाली एक वळ लिवा, ह्यो माणूस मेला तर पुरायच्या आधी त्याचं तोंड बगावं." कारकुनानं कागद वर केला, खाली केला. "असं पाहा, याला रकाना नाही."

मग केला अंगठा. एकदा मेलेल्या माणसानं आणि किती हट्ट धरायचा?