गप्प बस कधी म्हणाला?

कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या एका शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं आलं. नर्सच्या गणवेशातली तरुणी आणि तिची मावशी निकाल ऐकून नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

"मावशी, दहा वर्षं! खरंच शिक्षा झाली गं त्याला."

"होणारच. चर्चमध्ये गाणं शिकवायचा आणि पोरींवर हात टाकायचा मेला."

"म्हणे, मोह झाला."

"मोह कुणाला होत नाही? त्याला आवरायचं की मोकाट सोडायचं, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं."

"चर्चचे पाळक मला म्हणाले होते, क्षमा कर आणि गप्प बस."

"क्षमा कर, असं येशू म्हणाला. गप्प बस कधी म्हणाला?"

"इतकी वर्षं वाटायचं, मीच मळलेय. प्रार्थनेलासुद्धा लाज वाटायची."

"आणि आता?"

"साक्षीच्या दिवशी मान त्यानं खाली घातली, मावशी. मी नाही."

"माझी वाघीण ती! रविवारी येशील?"

"येईन. आणि गाईन."

"बारा वर्षांनी?"

"आवाज देवानं दिलाय. त्यानं नाही."

पण रविवारपर्यंत तिला दम निघाला नाही. तिथेच बाकावर बसून ती गाऊ लागली, आधी हळू, मग चांगली मोकळ्या गळ्यानं. हटकायला आलेला शिपाई दाराशीच थांबला आणि ऐकत राहिला.