ओट्यामागचे देव

तुम्हाला सांगते, ओट्यामागच्या टाइल्स निवडायला मी बोईसरची सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी निळ्या फुलांच्या पसंत केल्या. त्याच टेम्पोतून आमच्या बिल्डिंगच्या जिन्यासाठीही टाइल्स आल्या, देवांच्या. कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून लावतात ना, त्या. दोन्ही कामं एकाच मिस्त्रीकडे.

संध्याकाळी कामावरून आले, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. शेगडीमागून अख्खी देवमंडळी माझ्याकडे बघतेय! मिस्त्री खुशीत म्हणाला, "भाभी, एकदम मंदिर लग रहा है."

"काढ आधी!"

त्यानं कान पकडले. "भगवान पे छेनी? मैं नहीं चलाऊंगा."

तेवढ्यात दातिवऱ्याहून सासूबाई आल्या, हातात ताज्या बोंबलांची पिशवी. भिंत बघून मटकन खालीच बसल्या. "अगं बाय! आता देवासमोर आमी बोंबील तलायचे कसे?"

मग माझ्या टाइल्स कुठे गेल्या? मी धावत जिना उतरले. पहिल्याच वळणावर माझी निळी फुलं. सिमेंट अजून ओलं होतं. आणि फुलांवर पानाची लालभडक पिचकारी, तीही ओलीच.