वरून येणारा वार

...आणि मारायचं कुणाला, तर स्वतःच्या पोरीला! तुमाला सांगतो, सोलापूरच्या नवी पेठेत पंचवीस वर्षं दुकानात साड्या दाखवतोय. बाईनं शंभर साड्या उलगडायला लावल्या आणि एकही न घेता गेली, तरी "या हं परत" म्हणणारा मी, आता मी काय मारणारा माणूस हाय का?

झालं असं, आमची शिवलीला, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, सकाळी शाळेच्या मैदानावर तलवार शिकती. लाकडीच हो. मी आपला गाडीवरनं सोडायला. त्या दिवशी तिची जोडीदारीण आली न्हाई, तर इलाहीबक्ष उस्तादांनी तलवार माझ्याच हातात दिली! ते म्हणे पहिले दोन महिने नुसतं अडवायलाच शिकवतात. वरून वार आला की आपली तलवार डोक्यावर तिरपी, टोक खाली, पाय बाजूला, म्हणजे वार घसरून जातो. तिचं सगळं बरोबर, डोक्याला माझंच गाडीचं हेल्मेट... पण मी? मी तलवार अशी अलगद खाली आणली, जशी काय इरकलीची घडी मोडंल.

उस्ताद हसले न्हाईत. म्हणाले, "शेठ, तुमी हळू मारलं तर बच्ची हळूच अडवायला शिकंल. भायेर हळू कोण मारतंय?"

म्हणलं, उस्ताद, मी काय मारणारा माणूस हाय का?

तर शिवलीला शांतपणे म्हणाली, "अप्पा, दहावीत मारलं होतं की एकदा. हात असाच वरून आला होता. तवा मला अडवायला येत नव्हतं."

खरं सांगतो, मी विसरलो होतो. चाचणीत गणित गेलं, दुकानात गर्दी, वरनं घरात पाहुणे बसलेले, दिली एक कानाखाली. माझ्या लेखी एकच. आणि पोरीनं हात कुठनं आला ते सुदीक ध्यानात ठेवलेलं! मी काय मारणारा माणूस हाय का, हे पुन्हा म्हणायला तोंडच उघडंना.

मग मारली तलवार. सगळी ताकद लावून, डोळे मिटून. खाडकन आवाज झाला, डोळे उघडतोय तर माझी तलवार घसरून मातीत, मनगट पिरगळलेलं, आणि शिवलीला हेल्मेटची काच वर करून माझ्याकडं बघून हसतीय. असं मोकळं हसणं घरात किती दिवसांत बघितलं नव्हतं, ते मला तवा कळलं.

तिसऱ्या दिवशी जोडीदारीण परत आली. पण आमची म्हणती, मला अप्पाच पायजेत. रोज चाळीस वार! वरच्या कप्प्यातली साडी काढायला खांदा उचलत न्हाई, बाम लावून गल्ल्यावर बसतोय... मार खाणाऱ्याचं अंग दुखतं हो, मारणाऱ्याचं दुखतंय असा सोलापुरात मी एकटाच असणार.