ठकुबाईच्या नावाचा बर्फ

…मग भाकरीचं पीठ मळायचं कशात, सांगा की! पदरात? परात कुठं हाय, तर अंगणात. परातीत काय, तर पानी. आनी पानी कशाला, तर त्याचा रातीत बर्फ व्हनार हाय म्हनं! तुमाला सांगते, तोरण्याच्या पायथ्याला आमच्या वाडीत ही थंडी पडलीय, चुलीपुढं बसलं तरी पाठ गारठती, आनी माझी दोन पोरं उजाडायच्या आत वाकळ फेकून परातीभवती उकिडवी बसलेली. थोरला सार्थक दुसरीत, धाकटी वैष्णवी अंगणवाडीत. नाकं दोघांची वाहत्यात. बोट बुडवून बघायचं, "आये, अजून पातळच हाय," आनी तेच गार बोट आनून माझ्या मानेला लावायचं.

तेवढ्यात फोन. पुण्याची नणंद, दिपाताई. "अय्या वहिनी, काय मस्त थंडी असेल ना तुमच्याकडे!" व्हय हो. लई मस्त. या की, पोरांच्या गोधड्या धुवायला.

सगळं मूळ हिचंच हाय बरं का. ती गेली काश्मीरला. गेली तर गेली, पन बर्फात लोळतानाचा व्हिडिओ आमच्या मोबाईलवर कशाला पाठवायचा? पोरांनी तो इतक्यांदा बघितला की मोबाईलच थंड पडला. मग सार्थक विचारतो, आपल्याकडं का न्हाई पडत? आता घरात एक शहाणं मानूस असतं तर म्हनलं असतं, न्हाई पडत बाबा, झोप. पन आमचे मामंजी! रखमाजी म्हनत्यात त्यांना, उभा जन्म माळावर मेंढरं राखली. त्यांनी बिडी इझवली आनी म्हनले, "पडतो की. आमी माळावर असायचो तवा परातीतलं पानी सकाळी दगड व्हायचं." झालं! तवापासनं माझी परात अंगणात. आनी आमचे हे? हे घोंगडीतनं नुसतं नाक भाईर काढून म्हनत्यात, "पोरांचा हट्ट हाय, दोन दिस चालू दे." घोंगडीतनं सगळंच चालतंय.

माझं म्हायेर आंबवड्याचं. थंडी तिथंबी पडती, पन मानसासारखी पडती. शेकोटी केली की जाती. हितली थंडी पावन्यासारखी, चहा पिऊनबी उठत न्हाई.

बरं, परातीपुरतं असतं तर म्या गिळलं असतं. पन ह्या लेकरानं शाळंत सांगितलं, सोमवारी आमच्या घरचा बर्फ घेऊन येतो! सोमवार गेला. मंगळवार गेला. पोरं त्याला थापाड्या म्हनाया लागली. एक दिस घरी आला, दप्तर टाकलं, जेवला न्हाई, भिंतीकडं तोंड करून निजला. हजार तक्रारी करंन, पन माझ्या पोराला कुनी थापाड्या म्हनायचं न्हाई. थापा आज्यानं मारल्या, भोगायच्या नातवानं?

वाडीत फ्रीज एकच, शेजारच्या ठकुबाईकडं. ह्या ठकुबाईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, सकाळी सांगितलेलं दुपारी वेल्ह्याच्या बाजारात ऐकू येतं. पन गरज मला व्हती. पाय धरले, म्हनलं, एक ताटलीभर बर्फ करून द्या, आनी कुनाला बोलू नका. पहाटं उठले, त्या थंडीत, ताटलीच्या बुडाला कोमट पानी लावून बर्फ सोडवला, परातीतलं पानी ओतून त्यात उपडा ठेवला, आनी गुपचूप वाकळंत शिरले.

जरा डोळा लागतोय तवर कालवा. "आये, झाला! आये, झाला!" दोघं नाचत्यात. मामंजी मिशीवर हात फिरवत्यात, "म्या म्हनलं नव्हतं?" मला बाई भरूनच आलं. आनी मग सार्थक खाली वाकला. आनी बर्फावर बोट फिरवत एकेक अक्षर लावाया लागला… "सौ… ठ… कु… बा… ई… स… सप्रेम… भेट."

आता काय बोलता! आपल्याकडं भांड्यावर नाव कोरल्याबिगर भांडं घरात येतंय का? ठकुबाईच्या लग्नातली ताटली ती, तळाला भाईरनं ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून नाव कोरलेलं, ते जसंच्या तसं बर्फात उमटलेलं! आता हा इचारनार, आये, तू फसवलंस का?

पन दुसरीतलं डोकं ते. म्हनतो, "आये, ह्यो ठकुबाईचा बर्फ हाय. चुकून आपल्या परातीत पडला. देऊन येतो. शाळंतल्या बाई म्हनत्यात, दुसऱ्याची वस्तू घेऊ नी." आनी निघाला की हो परात घेऊन! मी मागनं अनवानी. म्हनलं संपलं, आता ही बया तोंड उघडनार.

ठकुबाईनं दार उघडलं. बर्फ बघितला, नाव बघितलं, माझं तोंड बघितलं. आनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हनती, "माझाच हाय बाळा. दरसाल येतो मला. औंदा तू न्हे शाळंला." जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडात तीळ भिजला. म्या तिथंच डोळं पुसलं, नाक वाहत व्हतं म्हनून समजा.

मामंजींच्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून बर्फ शाळंला गेला. नाव वाचलं, पोरं गार. थापाड्या म्हनायचं कुनी नाव काढंना. माझा सार्थक हसत घरी आला. म्हनलं सुटले, आता माझी परात मला.

कुठली सुटते! सांजच्याला बघते तर वाडीतली निम्मी शाळा माझ्या अंगणात. हरएकाच्या हातात घरची ताटली, कुनाच्या आजीच्या नावाची, कुनाच्या मामाच्या. सगळ्यांना आपापल्या घरच्या नावाचा बर्फ पाहिजे! पानी भरून, वळीनं मांडून गेली, म्हनली, "काकू, सकाळी येतो." भिंतीपलीकडनं ठकुबाई बघतीय. म्हनती, "मंगल, माझ्या फ्रीजात दोनच ताटल्या मावत्यात बरं."

आनी फोन वाजला. "वहिनी, काय मस्त थंडी ना तुमच्याकडे! आम्ही येतोय रविवारी." म्हनलं, या की दिपाताई, घर तुमचंच हाय. येताना घरचा फ्रीज तेवढा घेऊन या.