टॉवरपुढे न वाजलेला मीटर

बसा सगळे. मागं उभे आहेत त्यांनीही बसून घ्या, खुर्च्या आहेत. एवढी माणसं आमच्यासाठी जमलेली बघायची सवय राहिली नाही मला. बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या.

दिलीप दळवी, बी विंगमधले दळवी काका, माझे यजमान. हे गेल्या आठवड्यात गेले. हार्टचा त्रास जुना होता. दोनदा अ‍ॅडमिट केलं होतं, आणि शेवटी हार्टनंच नेलं. हे मी मुद्दाम आधी सांगतेय.

नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. किरणोत्सर्ग मोजणारे मीटर तपासायचे. हॉस्पिटलांतले, कारखान्यांतले. मीटर खरं दाखवतोय की नाही ते बघायचं, मगच शिक्का द्यायचा. घरीही तसेच. वजनकाटा, थर्मामीटर, माझं बोलणं, कशावर म्हणून पटकन विश्वास ठेवायचे नाहीत. वैताग यायचा मला. आता तोही येणार नाही.

समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला, तेव्हा तुम्हाला यांची आठवण झाली. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच दारात आलात. "दळवीजी, आपका मशीन लेके आओ ना, टावर का रेडिएशन सबको दिखाते हैं." हे जवळचा एक जुना मीटर घेऊन आपल्या गच्चीवर गेले. मीटर अधूनमधून टिक करत होता, जसा तो घरातही करतो. तुम्ही म्हणालात, बंद पडलाय. म्हणून यांनी तपासणीची, किंचित किरण सोडणारी बटणाएवढी चकती त्याच्यासमोर धरली. मीटर कडकडायला लागला. हे म्हणाले, "मीटर चांगला आहे. पण हा एक्स-रेसारखे किरण मोजतो. टॉवरच्या लहरी याला कळतच नाहीत. त्याचं यंत्र वेगळं असतं. ते मागवा, मी सोबत उभा राहतो."

मागवलं कुणी? कुणीच नाही. तुम्हाला मोजायचं नव्हतं. तुम्हाला वाजवायचं होतं. "काका, वो बटन फिर से पकड़ो, टावर की तरफ. हम वीडियो निकालते हैं, बटन नहीं दिखेगा." यांनी मीटर बंद केला आणि खाली आले.

दुसऱ्या दिवसापासून दळवी मॅनेज झाले. टॉवरवाल्यांनी पाकीट दिलं म्हणे. सोसायटीच्या ग्रुपवरून यांना काढलं. लिफ्टमध्ये हे शिरले की बोलणं थांबायचं. गणपतीत आरतीचं ताट आमच्यापुढून तसंच निघून जायचं. आपल्या या पूनम सागरमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस, रोज खाली बाकावर बसणारा, रिक्षा करून जेसल पार्कला खाडीवर जाऊन बसायला लागला. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून.

मी एकदा विचारलं, "काय गेलं असतं हो, वाजवला असता तर?" म्हणाले, "अगं, उद्या कुठं खरोखर वाजला, तर लोक म्हणतील, असेल कुणीतरी चकती धरून उभा." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तेही सोसलं. पण आज तुम्ही गेटवर फ्लेक्स लावलाय. यांचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली लाल अक्षरांत, 'मोबाइल टॉवरचा आणखी एक बळी'. उद्या पेपरवाले येणार आहेत म्हणे. जिवंतपणी ज्या माणसाकडून खोटं वदवता आलं नाही, ते आता त्याच्या फोटोकडून वदवून घेताय? थोडी तरी लाज वाटू द्या.

टॉवरशी भांडा. माझी ना नाही. ते दुसरं यंत्र मागवा, मोजा, जास्त निघालं तर अर्जावर पहिली सही माझी. पण यांना त्यात ओढू नका.

आता दोन मिनिटं मौन पाळायचं, असं मला सांगितलंय. नको. मौन तुम्ही त्यांना ते असतानाच भरपूर दिलंत. त्यापेक्षा चार जण खाली जा आणि तो फ्लेक्स काढा. तो निघेपर्यंत मी इथंच उभी आहे. निघाला की वर या, मग यांना फूल वाहा.